वर्तककाकांची सीडी

वर्तककाकांबद्दल मी काही चांगलं लिहीन अशी ज्यांना आशा असेल त्यांनी हे प्रकरण गाळून पुढे जावं. आई असती तर म्हणाली असती, "जाऊ दे गं, वय झालं त्यांचं." वय सगळ्यांचंच होतं. माझीही चाळिशी उलटली, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, पण त्या माणसाने आमच्या हॉलमध्ये बसून, आमचीच भजी खात, माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं ती नजर काही अजून अंधूक झालेली नाही.

आम्ही तेव्हा अमिरातीत, रुवैसला राहायचो. बाबा रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट इंजिनियर. घर कंपनीचं, क्लब कंपनीचा, दवाखाना कंपनीचा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी ती उंच नळीवरची ज्वाळाही कंपनीचीच. आई कणीक मळता मळता तिच्याकडे बघून सांगायची, आज प्लांटमध्ये काहीतरी बिनसलंय, बाबांना उशीर होणार, आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. एसी अखंड घरघरत असायचा, इतका की चुकून बंद पडला तर कानांना दडे बसल्यासारखं वाटायचं. कढीपत्ता, ओला नारळ आणि अळूची पानं अबू धाबीहून यायची, थालीपिठाची भाजणी सुटीवरून परतताना सुटकेसमधून यायची, आणि बाकीचं सगळं, म्हणजे कोणाची बढती अडली, कोणाच्या मुलाचे मार्क घसरले, कोणाची बायको कोणाशी बोलत नाही, हे शुक्रवारच्या गेट-टुगेदरमधून यायचं. कॉलनीत मराठी घरं मोजकीच. मोजकी असल्यामुळे एकमेकांवर लक्ष ठेवायला कोणाला फारसे कष्ट पडायचे नाहीत.

कॉम्प्युटर हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. आईने त्याच्यासाठी क्रोशाचं पांढरं आच्छादन विणलं होतं, तसं प्रत्येकच मराठी घरात होतं. इंटरनेट फोनच्याच वायरवर चालायचं. मोडेम किंचाळायला लागला की आई आतून ओरडायची, "आता सोलापूरचा फोन आला तर लागायचा नाही हं." सोलापूर म्हणजे माझा मामा. बाबा शिफ्ट संपवून आले की अंघोळ करायचे, चहा घ्यायचे आणि मेल बघायला बसायचे, पाठ ताठ, डोळे स्क्रीनवर, जणू घरातही रिफायनरीच सांभाळायची होती. आणि मी दुपारी शाळेतून आले की बसायची. आशूशी चॅट करायला. आशू समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायची, शाळेत माझ्याच बाकावर बसायची, तरी आम्हाला दुपारभर एकमेकींना टाइप करून सांगण्यासारखं भरपूर असायचं.

ही आशू म्हणजे अश्विनी, वर्तककाकांची एकुलती एक. एवढी हुशार, मिस्कील मुलगी त्या घरात कशी जन्मली याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. काका रिफायनरीच्या स्टोअर्समध्ये होते. नट, बोल्ट, गास्केटं. पण कधीकाळी दादरला त्यांनी कॉम्प्युटरचा कसलासा कोर्स केला होता आणि तेवढ्या भांडवलावर ते आमच्या कॉलनीचे कॉम्प्युटर-डॉक्टर होऊन बसले होते. शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर, काखेत सीड्यांचं पाकीट. खुर्चीत टेकायच्या आधीच, "वहिनी, चहा टाका, वेळ लागणार." मग दोन-चार बटणं दाबायची, जीभ टाळ्याला लावून च्यक च्यक करायचं आणि सांगायचं, "फॉरमॅट मारावा लागेल." प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फॉरमॅट. चांगली शिकलेली, रिफायनरी चालवणारी माणसं त्यांच्यापुढे हात बांधून उभी राहायची. बाबासुद्धा.

त्या वर्षी काका सुटीवरून परतले ते एक सीडी घेऊन. सीडीवर गणपती. कॉम्प्युटरमध्ये घातली की स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटा गणपती येऊन बसायचा, त्याच्यासमोर निरांजन फिरायचं आणि सकाळ-संध्याकाळ आरती वाजायची. आमच्याकडे गणपती घरातल्या घरात, दार लावून, टाळ्याही हलक्या हाताने वाजवायच्या, विसर्जन बाथरूममधल्या बादलीत. त्यामुळे या स्क्रीनमधल्या गणपतीचं सगळ्यांना केवढं कौतुक. काका घरोघर गेले आणि स्वतःच्या हाताने तो बसवून आले. आमच्याकडे बसवताना मी बाजूलाच होते. स्क्रीनवर इंग्रजीत मजकुराच्या चौकटीमागून चौकटी येत होत्या आणि काका एकही न वाचता पुटपुटत होते, "नेक्स्ट, नेक्स्ट, आय अॅग्री, नेक्स्ट, खलास." आरती वाजली. आईने स्क्रीनला नमस्कार केला आणि काकांना मोदकांचा डबा बांधून दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आशू नाहीशी झाली. एक आठवडा शाळेत आली नाही, फोन केला तर काकू म्हणाल्या, बरं नाहीये, आणि शुक्रवारच्या गेट-टुगेदरला काकांनी जाहीर केलं, "आशूला साताऱ्याला ठेवलंय, माझ्या बहिणीकडे. तिकडे सायन्सचे क्लासेस फार चांगले." अकरावीचं वर्ष अर्ध्यावर आलेलं. काकू वाटीतलं श्रीखंड चमच्याने फिरवत राहिल्या. मला निरोप नाही, पत्र नाही. मी आईला म्हटलं, "शी डिडन्ट इव्हन से बाय." आई म्हणाली, "असेल काही घाईचं." आमच्या घरांत मोठी माणसं मराठीत बोलायची, मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि खरं काय ते दोन्ही भाषांत कोणी बोलायचं नाही.

आमचा कॉम्प्युटर बिघडायला लागला तो साधारण त्याच सुमाराला. आधी नुसता मंद झाला. मग उघडल्यावर भलतंच पान यायला लागलं. मग चौकटी. तुम्ही बक्षीस जिंकलात. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. जुगार खेळा. एक बंद करावी तर तीन उगवायच्या. आणि एके दिवशी आई माझ्या मावशीच्या मुलाच्या मुंजीचे फोटो बघायला बसली, तर बटूच्या जागी अख्ख्या स्क्रीनभर एक सोनेरी केसांची बाई, अंगावर नावाला दोन चिंध्या. आईने आधी क्रोशाचं आच्छादन टाकलं. त्याच्या भोकांतून बाई दिसतच होती. मग सोफ्यावरची चादर ओढून घातली. तेवढ्यात सात वाजले आणि चादरीखाली आरती सुरू झाली.

आता ज्यांनी ते दिवस तिथे काढले नाहीत त्यांना एक सांगायला हवं. अमिरातीत नको त्या साइट सरकारी बंदोबस्तात असायच्या. तसलं काही उघडायला गेलं की स्क्रीनवर सूचना यायची, हे पान इथे बंद आहे. त्यामुळे आमच्या सगळ्या आई-बापांची ठाम समजूत होती की इथे घाण आपोआप येऊच शकत नाही. आली असेल तर घरातल्या कोणीतरी काहीतरी युक्ती करून आणली. एवढी डोकेबाज मुलं आपल्याच पोटी आली याचा निदान अभिमान तरी वाटायचा त्यांना, तर तेही नाही.

काकांना बोलावलं. भजी झाली, चहा झाला. काकांनी चादर उचलली, बाईकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं आणि चादर परत टाकली.

"दामले," ते बाबांना म्हणाले, "दुपारी कोण असतं यावर?"

 आई माझ्याकडे बघायला लागली.

"हे बघ, इथे सगळं ब्लॉक्ड असतं. मागितल्याशिवाय येत नाही. मी अनुभवाने सांगतोय." मग ती नजर. वरपासून खालपर्यंत. "काय गं मीनल, चॅटिंग करतेस ना? कोणाकोणाशी?"

"विथ आशू," मी म्हटलं. "ओन्ली आशू."

आशूचं नाव निघताच त्यांचा चेहरा कठोर झाला. "तेच," ते म्हणाले. मला वाटलं, आपलं चोख उत्तर त्यांना झोंबलं. त्यांनी भज्यांची ताटली पुढे ओढली. "दामले, मुलगी वयात आलीय. उद्या कंपनीला कळलं, कोणी तक्रार केली, तर व्हिसा कॅन्सल. पोरीपायी नोकरी घालवणार आहेस? तिला तिच्या मामाकडे धाड. इथे या वातावरणात मुली टिकत नाहीत." वातावरण म्हणजे वाळू, रिफायनरी आणि हा माणूस. जाता जाता त्यांनी फॉरमॅटसुद्धा मारला नाही. म्हणाले, "मशीनचा दोष नाही, उगीच कशाला?"

"बाबा, आय डिडन्ट डू एनीथिंग," मी म्हटलं, आणि बाबा म्हणाले, "बघू." हे 'बघू' मला आजही काकांच्या नजरेइतकंच टोचतं. घरातलं बोलणं एकदम औपचारिक झालं. मला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी झाली. आई मामाशी फोनवर हळू आवाजात बोलायची आणि मी आले की भाव विचारायची, तिकडच्या तुरीच्या डाळीचा. मला कळत होतं. डिसेंबरच्या सुटीत मला सोलापूरला नेऊन सोडायचं आणि तिघांऐवजी दोघांनी परत यायचं. मामाच्या घरी माझ्यासाठी माळ्याखालची खोली रिकामी केली जात होती. शाळा गेली, वर्ष गेलं, आणि नातेवाइकांत जन्मभर कुजबुजत सांगायला एक गोष्ट झाली. एका बाईने दोन चिंध्या घातल्या होत्या म्हणून.

गंमत अशी की मला बंदी होऊन पंधरवडा झाला तरी बाई काही जायला तयार नव्हती. उलट तिच्या मैत्रिणी यायला लागल्या. कोणाच्या डोक्यात एवढा साधा विचार आला नाही की मुलगी हातही लावत नाही, तर आता कोण मागवतंय?

मग तो शुक्रवार. आईने थालीपिठं लावली होती, लोण्याचा गोळा वाटीत घालून मी बाबांना ताटली द्यायला गेले. बाबा मेल बघत होते. चौकट आली, टुंग वाजलं, बाबांनी येस दाबलं. दुसरी आली, टुंग, येस. तिसरी, येस. डोळ्याची पापणी न हलवता. मी ताटली हातात धरून उभीच राहिले.

"बाबा, व्हॉट डिड यू जस्ट क्लिक?"

"काही नाही, अॅक्नॉलेज केलं."

हे समजायला कंट्रोल रूम ठाऊक हवी. तिथे अलार्म वाजला की आधी बटण दाबायचं, म्हणजे मी पाहिलं, मी ऐकलं असं सांगायचं. भोंगा थांबतो. मग शांतपणे काय झालंय ते बघायचं. वाजता अलार्म तसाच सोडला तर वरिष्ठ फाडून खातात. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं त्यात घालवली होती. समोर काहीही टुंग वाजलं की त्यांचं बोट आपोआप जायचं. नो दाबणं त्यांना कामचुकारपणा वाटायचा.

"रीड इट," मी म्हटलं. "बाबा, प्लीज. जस्ट वन्स. रीड इट अलाउड."

पुढची चौकट आली. बाबांनी चष्मा वर केला आणि खरंच मोठ्याने वाचली, एखादा मेमो वाचावा तशी. हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर बसवायचा आहे का? येस, नो. ते थांबले. पुन्हा वाचली. मान खाली घालून थालीपिठाचा एक तुकडा मोडला, लोण्यात बुडवला आणि न खाता तसाच ठेवला. आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात उलथनं.

"म्हणजे हे सगळं मीच?" बाबा म्हणाले.

आणि मग मात्र त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला, उशिरा का होईना. प्लांटमध्ये काही बिघडलं की पहिला प्रश्न एकच असतो, शेवटचा बदल काय केला होता? तो प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. आम्ही दोघांनी मिळून कॉम्प्युटरमधल्या सगळ्या वस्तू तारखांप्रमाणे लावल्या. कचऱ्याची सगळ्यात जुनी फाइल जिथून सुरू होत होती, ती तारीख आणि गणपतीची तारीख एकच होती. मिनिटापर्यंत एकच. बाबांनी आपल्या हाताने पुढचे पाहुणे आत घेतले हे खरं, पण दार उघडून दिलं होतं वर्तकांनी. नेक्स्ट, नेक्स्ट, आय अॅग्री.

"काढून टाकू," बाबा म्हणाले.

"काय काढून टाकू?" आई म्हणाली. "गणपती? असा डिलीट करतात देवाला?"

पोरीला सोलापूरला धाडायचं ठरवताना जी बाई अडली नव्हती ती आता अडली. शेवटी तिने मॉनिटरला हळदकुंकू लावलं, वाटीत साखर ठेवली, अक्षता वाहिल्या आणि बाबांना उत्तरपूजा सांगायला लावली. बाबा हात जोडून म्हणू लागले, आणि शेवटाला, जिथे देवाला 'पुनरागमनाय च' म्हणून परत यायचं आमंत्रण देतात, तिथे एकदम थांबले.

"ते तेवढं नको," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

बाकीचा कचरा काढायला दुपार गेली. काही मेल्यासारखं करायचं आणि पुन्हा उठून बसायचं. पण चहाच्या वेळेपर्यंत स्क्रीन शांत झाली होती. आई माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "झालं ना आता? विसरून जा." मी तिचा हात बाजूला केला. बाबांनी चपला घातल्या. म्हणाले, "यल्ला, चल. वर्तकांकडे जाऊन येऊ. तू पण."

काकांनी दार उघडलं आणि आम्हाला बघून भुवया वर नेल्या. "काय दामले, मारायचा का फॉरमॅट?" हॉलमध्ये काकू खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांचाही कॉम्प्युटर टीव्हीशेजारी, त्याच्यावर क्रोशाचं आच्छादन आणि त्याच्यावर एक जाडजूड सतरंजी. सतरंजीच्या घड्या धुळीने भरल्या होत्या. मला आमची चादर आठवली.

"तुझा कॉम्प्युटर जरा बघायचाय," बाबा म्हणाले.

"माझा बंद आहे. आशू गेल्यापासून लागत नाही कोणाला."

"सुरू कर ना. गणपती बघायचाय तुझा."

"दामले, शुक्रवार आहे, उगीच काय—"

"दाखवा की," काकू खालूनच म्हणाल्या. आवाज चढवला नाही, मेथी निवडणंही थांबवलं नाही. त्या माणसाला घरात कोणी असं सांगितल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते. काकांनी सतरंजी काढली. कॉम्प्युटर सुरू झाला, मोडेम किंचाळला, कोपऱ्यात गणपती येऊन बसला. निरांजन फिरायला लागलं. आणि टुंग.

तीच बाई. तेच सोनेरी केस, त्याच दोन चिंध्या. तिच्यामागून जुगार, त्यामागून बक्षीस. मुलगी साताऱ्यात, घरात हात लावायला कोणी नाही, आणि चौकटी येतायत. बाबांनी थोडक्यात सांगितलं, सीडी, तारखा, येस, स्वतःची चूकसुद्धा सांगितली. काका स्क्रीनकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीतरी दिसेल अशी मी वाट पाहिली. शरम, धक्का, काहीही. त्यांनी फक्त दाराकडे पाहिलं, ते नीट लागलंय ना म्हणून.

"प्रत्येक घरी बसवलीय मी ही," ते हळूच म्हणाले. "दामले, तू हे कोणाला बोलला नाहीस ना?"

मेथीची पाटी बाजूला सारून काकू उठल्या. आधी त्यांनी स्क्रीन नीट पाहिली, अगदी जवळ जाऊन, जशी बहुधा त्या दिवशी आशूच्या वेळी त्यांना पाहू दिली नव्हती.

"हीच ना?" त्या म्हणाल्या. "मग आमच्या आशूने काय केलं होतं?"

"अगं, आता तिचं अॅडमिशन झालंय तिकडे. क्लासेस लागलेत. आता मधेच काढून—"

"तुम्ही तिला मारलंत."

"हळू बोल. लोक आहेत."

लोक म्हणजे मी आणि बाबा. काका बाबांकडे वळले, आणि एवढं सगळं झाल्यावर त्या माणसाने काय विचारावं? की सगळ्यांच्या घरी जाऊन आपण अपडेट म्हणून गुपचूप काढून आलो तर कसं. अपडेट. बाबा त्यांच्याकडे असे बघत होते की जणू इतकी वर्षं शेजारी राहूनही हा माणूस त्यांना आजच दिसला. मला तेव्हाच कळलं की कॉलनीतल्या आणखी घरांत सतरंज्या पडल्या असतील आणि आणखी पोरं खालमानेने जेवत असतील, आणि हा मनुष्य सीडीचं पाकीट काखेत मारून घरोघर चहा पीत फिरणार. तसा तो फिरलाही. बाबांनी त्याआधी फोन करून सगळ्यांना सांगितलं होतं, तरी लोकांनी त्याला चहा दिला.

काकू फोनपाशी गेल्या. रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि झटकन दूर धरला. त्यातून तो मोडेमचा कर्कश आवाज येत होता, खोलीभर ऐकू आला. कॉम्प्युटर अजून लाइनवर होता, बायका अजून येतच होत्या. काका म्हणाले, "थांब, आधी नीट शटडाऊन करू दे, नाहीतर फाइल करप्ट—" काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. खाली वाकून मोडेमची वायर हिसडून काढली आणि उभ्यानेच नंबर फिरवला. साताऱ्याचा. लागेना. पुन्हा फिरवला.

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आम्ही निघालो. मी दार ओढून घेत होते तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "वन्सं, आशूला द्या."  मी दाराच्या मुठीवर हात ठेवून तशीच उभी होते.

"आशू," काकू म्हणाल्या, "आई बोलतेय. फोन ठेवू नको, बाळा."